ओमाहाची ब्रायडी

शेगडीजवळ सरका, पोरांनो. हे हुल्डाचं सांगतोय. हुल्डा एकस्ट्रॉम, शिकागोच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडायची. मी तिथे तारा दुरुस्त करायचो.

एकोणीसशे एकोणीस सालचा जानेवारी. तेरा तारीख, सोमवारची रात्र. तापाच्या साथीनं निम्म्या खुर्च्या रिकाम्या. हुल्डाची खरं तर सुट्टी होती. मैत्रीण आजारी पडली म्हणून तिच्या जागी बसायला आली. खोली मस्त उबदार होती, काम रोजच्यासारखंच चाललेलं.

लांबलांबच्या ऑपरेटर पोरी एकमेकींना गावाच्या नावानंच हाक मारत. ओमाहाला ब्रायडी गेराटी होती. मूळची शिकागोचीच, आई अजून हॉल्स्टेड रस्त्यावर राहायची. हुल्डानं तिला कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज झोपेतही ओळखला असता.

हुल्डाच्या बोर्डावर ओमाहाचा दिवा लागला.

"शिकागो, माझ्या आईला जोडून दे ना गं."

"वेड लागलंय का? टियर्नीबाईनं पकडलं तर दोघींनाही हाकलेल."

"दे ना गं... फार गारठलेय."

टियर्नीबाई म्हणजे आमची मुकादमीण. तिची पाठ वळताच हुल्डानं पिन खोचली. घराखालच्या औषधवाल्यानं म्हातारीला हाक मारून फोनवर आणलं.

दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, असा नियम. हुल्डा ऐकत राहिली.

"ब्रायडी? दात का वाजतायत बाळा?... हो... हो गं... नाही रडणार."

ब्रायडीचं मात्र काहीच ऐकू येईना. नुसता वारा.

मग तोही थांबला.

दिवा विझला. हुल्डानं लगेच ओमाहाला लावलं. दुसरीच मुलगी बोलली.

"ब्रायडीला दे जरा."

"ती दुपारीच गेली, शिकागो... शवागारात जागा नाही. दवाखान्याच्या मागच्या अंगणात ठेवलीय. बर्फात."

हुल्डा ओरडली नाही. रडलीही नाही. पुढचा दिवा लागला. "कुठला नंबर?" तिनं विचारलं. उजाडेपर्यंत तेवढंच विचारत राहिली.

सकाळी ब्रायडी गेल्याची तार घेऊन तारवाला हॉल्स्टेड रस्त्यावर गेला, तेव्हा म्हातारी काळे कपडे घालून दारातच बसली होती.

आणि हुल्डानं कानावरचा रिसीव्हर काढला, तेव्हा मी शेजारीच होतो. कान पांढराफटक. मेणासारखा कडक. डॉक्टरनं विचारलं, "रात्रभर उघड्यावर होतीस का?"

पुढे तिचं नि माझं लग्न झालं. त्या कानाला मी कितीदा हात लावला असेल...

तिला तो स्पर्श कधीच कळला नाही. भर उन्हाळ्यातही कान गारच असायचा.