एकापेक्षा जास्त चेहरे

शटर अर्धं ओढून घेतो, म्हणजे मधेच कुणी झेरॉक्सला येणार नाही. ही गोष्ट सांगताना मी एकदा थांबलो की पुढचं सांगायची हिंमत होत नाही. तुम्ही बसा. त्या खुर्चीत नको, ती डुगडुगते. ह्या इथं बसा.

मी राजशेखर. इथं सोलापुरात, भवानी पेठेत माझं हे सेवा केंद्र आहे. आधार, दाखले, वीजबिलं, आणि म्हाताऱ्या-अपंग माणसांच्या पगाराची कामं. पगार म्हणजे नोकरीचा नव्हे. ज्यांना कुणी बघायला नाही, ज्यांचे हातपाय चालत नाहीत, त्यांना सरकार दर महिन्याला खात्यावर जे देतं ते. आमच्याकडं सगळे त्याला पगारच म्हणतात, आणि म्हणताना जरा ताठ बसतात. तो चालू ठेवायचा तर वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. पूर्वी अंगठा लावायचे, आता मोबाईलपुढं चेहरा धरायचा, डोळे मिचकवायचे, झालं.

मे महिन्यात होटगीहून शिवलीलाचा फोन आला. ती माझ्या मावशीच्या शेजारी राहायची, लग्न होऊन होटगीला गेली.

"राजूअण्णा, आमच्या शेजारच्या रत्नम्माअव्वाचा पगार बंद पडलाय बगा," ती म्हणाली. "सारा जल्म बिड्या वळल्या, अंगठ्याला रेगाच न्हाईत. मशीन घेतच न्हाई. आता ह्या महिन्यात चेहरा न्हाई दावला तर नाव कापणार म्हणत्यात."

"घेऊन ये की दुकानात."

"कसं आणू? लकव्यानं डावा पाय गेलाय तिचा. मूलबाळ न्हाई. रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड घेत्या, पुरवून पुरवून. मला सांगत न्हाई, पण पाकीट बघून कळतंय की."

मग न जाऊन कसं चालेल? दुसऱ्या दिवशी सकाळची गर्दी उरकली आणि मी स्कूटर काढली. तोवर सूर्य डोक्यावर आला होता.

सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. पण रेल्वेच्या रुळापलीकडं, गावाच्या टोकाला त्या दुपारी जी शांतता होती, ती वेगळी होती. कुत्री नाहीत, पोरं नाहीत, एकाही घरातून कुकरची शिट्टी नाही. कडुलिंबाचं पान हलत नव्हतं. गल्लीतलं शेवटचं घर रत्नम्माचं. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, दारात तुळस. मी स्कूटर बंद केली आणि इंजिनाचा आवाज थांबल्यावर कानात नुसती शीऽऽ वाजत राहिली.

दारातच वास आला. गरम तेलाचा, कांदाभज्यांचा. चांगला खमंग. मनात म्हटलं, बरं झालं, जेवायची वेळ आहे.

आत अंधार होता. बाहेरच्या उन्हातून आल्यावर काही दिसेना. मग हळूहळू एक बाज दिसली, बाजेवर पांढरं लुगडं, कपाळावर विभूती, आणि चष्म्यामागचे मोठे मोठे डोळे.

"बा तम्मा, कुंदर," म्हातारी कानडीत म्हणाली. ये बाबा, बस.

शिवलीला कोपऱ्यात उभी होती. मी हसत म्हटलं, "अव्वा, भजी तळताय वाटतं?"

"मी? डॉक्टरनं तेल बंद केलंय, लई दिवस झालं."

मी चुलीकडं पाहिलं. गॅस बंद होता, कढई कोपऱ्यात पालथी, तिच्यावर धूळ. शिवलीला माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी जरा दूध उतू जातंय का बघून येते हां." आणि गेली. ती काही परत आली नाही.

मी मोबाईल काढला, रत्नम्माचा नंबर भरला आणि कॅमेरा तिच्यापुढं धरला. ॲपमध्ये एक बाई बोलते, तुम्ही ऐकली असेल. साखरेच्या पाकातला आवाज.

"कृपया आपला चेहरा वर्तुळात ठेवा."

म्हातारीनं पदर सारखा केला, हनुवटी वर केली.

"एकापेक्षा जास्त चेहरे आढळले. कृपया एकाच व्यक्तीनं समोर बसावं."

मी मागं पाहिलं. भिंतीवर एका म्हाताऱ्याचा फोटो होता. फेटा, भरघोस मिशा, फ्रेमला वाळलेला हार. आलं लक्षात. हे ॲप फोटोलाही माणूस समजतं, असं पुष्कळदा होतं.

"हे कोण, अव्वा?"

"आमचं मालक. होटगी स्टेशनावर भजी इकायचं. चार वर्षं झाली जाऊन."

मी फोटो अदबीनं उतरवला, बाहेर ओट्यावर तोंड भिंतीकडं करून ठेवला. परत आलो, मोबाईल धरला.

"एकापेक्षा जास्त चेहरे आढळले."

भिंत कोरी होती. फोटोच्या जागी नुसता चौकोनी डाग. मी पडद्याकडं नीट पाहिलं. ॲप ज्याला चेहरा समजतं त्याच्याभोवती हिरवी रेघ काढतं. एक रेघ रत्नम्माच्या चेहऱ्याभोवती होती. दुसरी तिच्या उजव्या खांद्याच्या जरा वर. तिथं काहीच नव्हतं. पण रेघ स्थिर नव्हती... माणूस वाकून, मान पुढं काढून बघतो ना, तशी ती पुढं येत होती.

मी मोबाईल खाली घेतला.

"अव्वा..." मी दाराकडं बघितलं. "आपण जरा... बाहेर ओट्यावर बसायचं का?"

"बाहीर बसून काय हुतंय?" म्हातारी शांतपणे म्हणाली. "तू फोटू काडून ठिवलास. माणूस तर हितंच हाय की."

"कोण?"

"आता कोण म्हंजे?" ती उजवीकडं वळली आणि बायको नवऱ्याला बोलते त्या नेहमीच्या सुरात म्हणाली, "अवो, सरका की तिकडं जरा. पोरगा उन्हातनं आलाय."

बाजेची सुंभाची दोरी करकरली.

पळून का गेलो नाही, असं विचाराल. दार तिच्या उजव्या बाजूला होतं, म्हणून.

"तू घाबरू नगं," ती मला म्हणाली. "त्येंची खोडच हाय ती. रेशनकार्डाच्या फोटूत मला मागं ढकलून ह्येच फुडं. बँकेत सायबानं मला नाव इचारलं, तर ह्येनीच सांगितलं. डॉक्टर म्हणला, कुटं दुकतंय? तर ह्येच म्हणलं, गुडघा. दुकत हुतं माजं पोट!"

"मग आता..."

"आता धर परत. सांगितलंय मी त्यास्नी."

मी डोळे अर्धे मिटून मोबाईल धरला. हिरवी रेघ एकच होती. मला हायसं वाटलं. मग दिसलं, की ती रत्नम्माच्या चेहऱ्यावर नव्हती. तिच्या चेहऱ्याच्या पुढं, हातभर अंतरावर, हवेत होती.

"कृपया डोळे मिचकवा."

रत्नम्मा चष्म्यातून टकामका बघत होती. तिनं पापणीही हलवली नव्हती. तेवढ्यात टिंग झालं.

"अभिनंदन! धोंडप्पा संगप्पा हयात आहेत."

खोलीत भज्यांचा वास असा दाटला की माझे डोळे चुरचुरले.

"काय म्हणली ती?" रत्नम्मानं विचारलं.

"अव्वा, ती... धोंडप्पा हयात आहेत म्हणाली."

"आनि मी?"

"तुमचं अजून झालं नाही."

म्हातारीचा चेहरा बदलला. आधी हनुवटी थरथरली. मला वाटलं, रडणार. तिनं चांगला हात बाजेवर टेकला, लुळ्या पायासकट अर्धी उठली आणि ओरडली,

"धोंडप्पा! साकु! सुम्न कुंदर!"

म्हणजे, पुरे झालं, गप बस. आमच्या समाजातल्या त्या वयाच्या बाईनं नवऱ्याला नावानं हाक मारलेली मी आजवर ऐकली नव्हती. तिनंही मारली नसावी, कारण हाक मारून तिचं तिलाच नवल वाटल्यासारखी ती परत खाली बसली. मग आवाज खाली आणून म्हणाली,

"मला ठावं हाय, तुमास्नी वाटतंय ह्या बाईच्यानं काय हुणार न्हाई. खरं चार वर्सं मीच करत्ये न्हवं का सगळं? गॅस मी मागवत्ये. शिवलीलाला सांगून लाईटबिल मी भरत्ये. मला येतंय. आता एवडं एक माजं मला करू द्या."

बाजेची दोरी पुन्हा करकरली, ताण सुटल्यासारखी. वास हळूहळू विरळ होत दाराकडं गेला. बाहेर कडुलिंबाखाली वाळलेला पाला चुरचुरला, आणि थांबला.

"धर आता," रत्नम्मा म्हणाली. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा घातला.

या वेळी रेघ तिच्याच चेहऱ्याभोवती होती. डोळे मिचकवा म्हटल्यावर तिनं इतक्या जोरात मिचकवले की सगळा चेहरा गोळा झाला.

"अभिनंदन! रत्नम्मा धोंडप्पा हयात आहेत."

"आता काय म्हणली?"

"तुम्ही हयात आहात म्हणाली, अव्वा."

"ते मला ठावं हुतं की," म्हातारी म्हणाली. चष्मा सारखा करत म्हणाली, "पर कुणीतरी म्हणलं, बरं वाटलं." आणि मला जबरदस्तीनं कडक भाकरी अन् शेंगाची चटणी खायला लावली. मी खाल्ली.

पुढच्या महिन्यात रत्नम्माचा पगार जमा झाला, थकलेल्यासकट. शिवलीलानं त्याच दिवशी महिन्याभराच्या गोळ्या आणून दिल्या. मी देवाला हात जोडले आणि विषय संपला असं समजलो. आठवड्यानं पुन्हा फोन. या वेळी रत्नम्मा स्वतः बोलत होती.

"तम्मा, ह्येंचाबी पगार आलाय."

"कुणाचा?"

"मालकांचा. त्येंचंबी नाव हुतं यादीत, काडायचं राहून गेलं. दोगांचं एकच खातं हाय न्हवं? ती बाई हयात हाय म्हणली त्येंला. मला नगं बाबा मेल्या माणसाचा पैका. ज्याला खरा पायजे त्याचा अडला आसंल. तू परत दिऊन ये, आनि नाव काडून ये त्येंचं."

खरं बोलत होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच कचेरीत गेलो. पगाराच्या टेबलावर मायाप्पा म्हणून एक कारकून आहेत, चांगला माणूस. मी वाटेत बरीच जुळवाजुळव केली होती. काय सांगायचं, किती सांगायचं. चेहरा कसा जुळला, हे विचारलं तर काय बोलायचं.

"साहेब, होटगीच्या धोंडप्पा संगप्पांचं नाव कमी करायचं होतं," मी म्हटलं.

मायाप्पांनी मान वर केली आणि हसायला लागले.

"आरं, त्येंचंच चाललंय की सकाळपास्नं! दार उगडायच्या आदी येऊन हुबं हुतं."

"कोण?"

"म्हातारं. स्वता. म्हणलं, साहेब, मी वारलोय, माझं नाव काडा, घरी बायको लई वराडत्या." मायाप्पांनी टेबलावर थाप मारली. "मी म्हणलं बाबा, असं तोंडी सांगून चालत न्हाई, मृत्यूचा दाखला आणावा लागतोय. तर गुमान म्हणलं, व्हय, घरी पेटीत हाय, आणतो. भवानी पेठेतला राजशेखर आत्ता यील, त्याच्या गाडीवर जातो आनि घिऊन येतो. बसलेत बगा तितं, बाकड्यावर."

मी वळून पाहिलं. बाकडं रिकामं होतं.

"आँ? आत्ता तर हुते," मायाप्पा म्हणाले. "फुडं गेलं आसतील गाडीपाशी."

मी तसाच बाहेर आलो. ऊन तापायला लागलं होतं. स्कूटर सावलीत होती, आजूबाजूला कुणी नव्हतं. मी बसलो, किल्ली फिरवली. आणि माझ्या मागं गाडी हळूच दबली... स्प्रिंग खाली बसते ना, कुणी जपून, म्हातारपणानं, एक पाय टाकून बसावं तशी.

मी मागं पाहिलं नाही. आरशातही पाहिलं नाही. गाडी सुरू केली आणि सावकाश फाटकापर्यंत आणली. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं हात आडवा करून मला थांबवलं. जवळ आला, माझ्या मागं बघितलं आणि काळजीनं म्हणाला,

"अण्णा, बाबांना धोतर वर घ्याया सांगा की. चाकात जाईल."