अंजनखेडच्या उतारावर मागे बसलेली

ही घटना खरी आहे. गावाचं नाव तेवढं बदललं आहे, कारण तिथली माणसं अजून त्याच वाटेनं ये-जा करतात.

किसनराव गुरुजींनी ती आयुष्यात एकाच माणसाला सांगितली. त्यांच्याच शाळेतले हेडमास्तर शंकरराव, त्यांना. तीही दोघं नोकरीतून सुटल्यावर.

तारीख ७ डिसेंबर १९६३. वार शनिवार. जिल्हा बुलढाणा.

भुताखेताच्या गोष्टीत असते तशी मध्यरात्र नव्हती. दिवस अजून पुरता बुडालाही नव्हता.

किसनराव तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. डोंगरातल्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. घरात बायको कलाबाई आणि चार वर्षांची अन्नपूर्णा.

आणि एक सायकल.

त्या टेकड्यांत रस्ता असा नव्हताच. सागाच्या, सालईच्या रानातून गेलेल्या बैलवाटा आणि पावसानं कोरलेल्या गुरांच्या वाटा. एक टेकडी चढायची, एक उतरायची. बाकीची माणसं सायकल हातात धरून उतरायची. किसनराव मात्र बसून उतरायचे. मुरमावर चाक कसं सोडायचं, कुठल्या वळणाआधी अंग झुकवायचं, हे त्यांना बरोबर कळायचं. ब्रेकला हात न लावता अंजनखेडचा उतार उतरतो, असं ते चारचौघांत सांगायचे.

अंजनखेड हे कलाबाईचं माहेर. दुसऱ्या दिवशी तिच्या भावाच्या, दयारामच्या मुलीचं नाव ठेवायचं होतं.

कलाबाई म्हणत होती, एसटीनं जाऊ. वळसा पडतो तर पडू दे, पोर लहान आहे. किसनरावांना ते पटेना. रानातून जेमतेम दोन तासांची वाट, आणि आपण काय आज पहिल्यांदा चाललोय? शनिवारची शाळा सुटली, तशी दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी तिनंच गाठोडं बांधलं.

निघायला साडेतीन वाजले.

अन्नपूर्णा पुढं दांड्यावर, घडी घातलेल्या टॉवेलवर. कलाबाई मागं कॅरिअरवर, दोन्ही पाय एका बाजूला. चढ आला की ती उतरून चालायची. उतार आला की बसायची. दगडावर चाक आदळलं की मागून आवाज यायचा, "हळू चालवा जी."

दोन टेकड्या अशा गेल्या.

तिसरी सगळ्यांत उंच. ती चढून माथ्यावर आले तेव्हा सूर्य टेकायला आला होता. गार वारं सुटलं होतं. कलाबाई म्हणाली, थांबा जरा, मी आलीच. आणि बाजूच्या अंजनाच्या झाडांमागं गेली.

किसनराव एक पाय जमिनीवर टेकून, पाठ करून थांबले. अन्नपूर्णा पेंगत होती.

रानात तित्तर बोलत होते.

मग... ते थांबले.

एकदम. कुणी दार लावून घ्यावं तसे.

आणि कॅरिअर खाली दबलं. रोजचंच वजन. रोजच्यासारखाच सीटखालच्या स्प्रिंगला धरलेला हात.

किसनरावांनी पाय उचलला.

उतार सुरू झाला. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला गवत, मधे हातभर वाट. चाक एका मोठ्या दगडावर आदळलं.

मागून आवाज आला नाही.

दुसऱ्यांदा आदळलं. तरी नाही.

अजून रुसली आहे, असं त्यांना वाटलं. तिच्या हातात डझनभर काचेच्या बांगड्या होत्या. त्याही वाजत नव्हत्या... पण हे सगळं त्यांच्या लक्षात आलं ते नंतर.

तेवढ्यात अन्नपूर्णा जागी झाली. त्यांच्या दंडाखालून मान काढून तिनं मागं पाहिलं. वर, माथ्याकडं.

"बाबा, आई वरच राह्यली."

त्यांनी तिला गप्प केलं. उतारावर हलू नको म्हणून दटावलं. ती पुन्हा मागं वळली. या वेळी जरा जास्त वेळ पाहिलं. आणि मग ती काहीच बोलली नाही.

अर्धा उतार झाला असेल.

तेव्हा मागून कलाबाई बोलली. अगदी कानाशी, सावकाश.

"मी नसली तं चालन का तुमाले?"

किसनरावांनी शंकररावांना सांगितलं, आवाज तिचाच होता. त्यात काही म्हणजे काही वेगळं नव्हतं. त्यांची सारी नजर वाटेवर होती. दुपारच्या भांडणाचा राग अजून डोक्यात होता.

ते म्हणाले, "चालन."

मागं कुणीतरी हलकेच श्वास सोडला.

उताराच्या पायथ्याशी नारायणरावांचं कापसाचं शेत होतं. त्यांच्या घरच्या सत्यभामाबाई वेचणी आटोपून ओटीतला कापूस गाठोड्यात भरत होत्या. त्यांनी मास्तरांना उतरताना पाहिलं आणि हात केला. मास्तरांनी मान हलवली. पुढं नाला होता. पाणी घोटाभर. सायकल उचलून न्यायची म्हणून किसनराव थांबले, आणि म्हणाले, उतर.

मागं कुणी नव्हतं.

आधी ते घाबरलेच नाहीत. चालत्या सायकलवरून उतरून शेताच्या बांधानं माहेरी गेली असेल, रागानं. ते तडक दयारामच्या घरी आले. कलाबाई तिथं आली नव्हती.

मग मात्र धावपळ झाली. दयारामनं माणसं गोळा केली. सत्यभामाबाईंना विचारलं. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "डोक्यावर पदर घेतलेली बाई मांगं बसेल होती. कलाच होती. मले पाहून हासली."

म्हणजे कलाबाई खालपर्यंत आली होती.

म्हणून सगळ्यांनी खालीच शोधलं.

कंदील घेऊन नाला धुंडाळला. दोन विहिरींत गळ टाकले. कापसाच्या ओळी पाहिल्या. किसनराव सगळ्यांच्या पुढं होते, हाका मारत. टेकडीवर जायचं कुणाच्या मनातही आलं नाही. कशाला येईल? अन्नपूर्णाला विचारलं, तर ती तोंड मिटून बसली. पोर थकली म्हणून आजीनं निजवली.

पहाटे किसनरावांना आठवलं. पोरीनं उतारावर काय सांगितलं होतं ते.

ते टेकडीवर पळतच गेले. मागून दयाराम.

कलाबाई माथ्यावरच होती. वाटेपासून सहा-सात पावलांवर, पालथी. उजवा पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळा पडला होता. तिकडं घोणशीला परड म्हणतात. परड चावली होती. लुगड्याचा काठ फाडून तिनं घोट्याच्या वर घट्ट बांधला होता. अंजनाच्या झाडापासून वाटेकडं गवत दबलेलं होतं. ती सरपटत आली होती... थांबत थांबत.

दयारामनं तिच्या कपाळाला हात लावला.

अंगातली ऊब अजून गेली नव्हती.

नंतर डॉक्टर म्हणाले, रात्रभर जिवंत होती. संध्याकाळीच दवाखान्यात आली असती तर वाचलीही असती.

गावात बोलणं सुरू झालं. मास्तरानंच वर सोडली म्हणावं, तर सत्यभामाबाई आपल्या बोलण्यावरून हटत नव्हत्या. दयारामनं तेराव्या दिवशी किसनरावांना समोर बसवलं.

"कला वर होती तं खाली कोण उतरलं, भाऊजी?"

दयारामनं पुन्हा विचारलं नाही. फक्त एवढंच सांगितलं की पोर इथंच राहील.

आणि ती राहिली. किसनरावांनी मेहकरकडं बदली मागून घेतली. सायकल विकली नाही, कुणाला दिलीही नाही. बदलीच्या आदल्या दिवशी नाल्यापलीकडच्या पडक्या विहिरीत टाकून दिली. दुसरं लग्न केलं नाही.

उतारावर आपण काय बोललो, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. पोलिसांनाही नाही, दयारामलाही नाही.

पुढं पंधरा वर्षांनी अन्नपूर्णाचं लग्न ठरलं. किसनराव पाहुण्यासारखे गेले. बुद्धवंदना झाली, पंगती उठल्या. उन्हं कलती होती. निघायच्या आधी अन्नपूर्णा त्यांना घरामागच्या कडुनिंबाखाली घेऊन गेली. इतक्या वर्षांत बाप-लेक असे एकटे कधी उभे राहिले नव्हते.

ती म्हणाली, एक गोष्ट मनात आहे, ती घेऊन सासरी जायचं नाही.

"बाबा, मी त्या दिवशी मांगं पाह्यलं तवा आई वर उभी होती. एका पायावर. हात हालवत होती. मी तुमाले सांगतलं."

"हाव," किसनराव म्हणाले.

"मंग मी पुन्हा पाह्यलं. तं तुमच्या मांगंही आईच होती."

किसनरावांनी कडुनिंबाला हात टेकला.

"तिनं व्हटावर बोट ठेवलं. गप राहा म्हणून. आई म्हनते तं गप राह्याचं, असं मले वाटलं... घरी सगळे इचारत होते, तरी मी गपच राह्यली. मी बोलली असती तं आई वाचली असती."

ती रडत नव्हती. पाढा म्हणून दाखवावा तसं सांगत होती. चौथ्या वर्षापासून हे तिच्या अंगावर होतं.

किसनरावांच्या तोंडाशी आलं होतं. तुझा दोष नाही, पोरी. ते मला विचारून गेलं. मी हो म्हणालो.

एवढंच बोलायचं होतं.

ते म्हणाले, "लहान होती तू. इसरून जाय."

आणि पाच वाजताच्या एसटीनं परत आले.

शंकररावांनी हे सगळं ऐकलं आणि त्यांना राग आला. त्यांनी स्पष्टच विचारलं, पोरीला सांगितलं का नाही? तिचा जीव हलका झाला असता. आता तरी सांगा.

किसनरावांनी नकारार्थी मान हलवली.

"सांगतलं असतं," ते म्हणाले, "तं तिनं मले इचारलं असतं, बाबा, तुमी ते रागानं म्हनलं का खरंच."

"मग?"

"तेच तं. इतके वर्सं झाले, मी रोज सोताले इचारतो." ते उठून उभे राहिले. "उत्तर येत नाही."

त्यानंतर दोन वर्षांनी किसनराव गेले. अन्नपूर्णा आहे. तिला नातवंडं आहेत. शंकररावांनी तिला काही सांगितलेलं नाही...

अजून तिला वाटतं की आई तिच्यामुळं गेली.