मागचं डावं चाक

खोटं वाटत असेल तर कोरगावात जा आणि बाबलीचा उजवा हात बघून या. तीनच बोटं आहेत. दोन कुठे गेली, ते मी सांगतो.

बाबली माझा मावसभाऊ. गाड्यांचा मेस्त्री. गेल्या वर्षीचा मे महिना, शुक्रवार, दुपारचे दोन. रात्र नाही, काळोख नाही. डोकं फुटेल असं ऊन.

त्याने भंगारातून एक जुनी मारुती घेतली होती. पांढरी. पोरगी गौरवी मोपाच्या विमानतळावर कामाला लागलेली, तिच्यासाठी. साडेतीनला ती पहिल्यांदाच गाडी घेऊन ड्युटीवर जाणार होती. फक्त ब्रेक राहिले होते.

ब्रेकच्या पायपात हवा शिरली की पेडल पोचट होतं, गाडी थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचं निप्पल, म्हणजे हवा सोडायची बारकी तोटी, पान्याने सैल करायची. ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर. निप्पल आवळून तो "सोड" म्हणाला की मगच पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत.

पेडलवर त्याची बायको बसली होती, सुमन.

"दाब."

"दाबलंय."

"धर... सोड."

"पाय मोडलो माझो. लग्नात ह्या कोणी सांगूक नाय."

"गप रव गो. दाब."

तीन चाकं झाली. राहिलं मागचं डावं. खरं तर सुरुवात तिथनंच करायची, सगळ्यात लांबचं म्हणून. पण निप्पल गंजून बसलेलं, म्हणून बाबलीने ते शेवटी ठेवलं. चाक काढून, गाडी जॅकवर चढवून तो खाली आडवा झाला. फडक्याने मळ पुसला.

आणि त्याचा हात थांबला...

निप्पलशेजारी छिन्नीचे तीन घाव होते.

त्याचेच.

चार वर्षांमागे तो डिचोलीत एका गॅरेजात होता. आमोण्याचा पांडुरंग आपली निळी मारुती घेऊन आला. म्हणाला, "आत बसू काय रे? मी पेडल दाबतंय."

"नको, तू चाय मारून ये," बाबली म्हणाला. सीट आणि पेडलच्या मधे दांडका अडकवून एकट्यानेच काम उरकलं. मागचं डावं निप्पल छिन्नी मारूनही हललं नाही. तसंच सोडलं, आतल्या हवेसकट.

"झाली रे तुझी गाडी."

त्याच संध्याकाळी आमोण्याच्या उतारावर पांडुरंग उभ्या टिपर ट्रकच्या मागे घुसला. स्टेअरिंग छातीत. पाय पेडलमध्ये असा अडकलेला, की पेडल कापून त्याला बाहेर काढला.

बाबलीने कोणाला काही सांगितलं नाही. आणि आता तीच गाडी रंग बदलून त्याच्या दारात आली होती. पोरीसाठी.

त्याने तोंडावरचा घाम पुसला. ह्यावेळी नीट करायचं.

"दाब."

पेडल दाबलं गेलं. छिन्नीला न हललेलं निप्पल नुसत्या बोटांनी फिरलं... काळं ऑइल, बुडबुडेच बुडबुडे. त्याने निप्पल आवळलं.

"सोड."

पेडल सुटलं नाही.

"अगो, सोड!"

सुमनचा आवाज आला... स्वयंपाकघरातून.

"काय ओ? भात उतू जाता म्हणून सांगून इलंय ना तुमका!"

बाबली बाहेर सरकायला गेला. तोच आत कोणीतरी जड माणूस सीटवर सरसावून बसावा, तशी गाडी हलली.

जॅक निसटला. चाकामागचा ब्रेकचा लोखंडी ड्रम त्याच्या उजव्या हातावर बसला. हाडं मोडलेली सुमनने चुलीपाशी ऐकली.

ती धावत आली आणि दारातच थिजली. सीटवर कोणी नव्हतं. पेडल मात्र हलत होतं... खाली. वर. खाली. वर.

मग खाली जाऊन थांबलं. वाट बघत.

सुमनने बोंब मारली. शेजारचे चौघे आले, गाडीला खांदे लावले. एवढीशी मारुती, पण तसूभर उचलेना. बाबली हात ओढायला गेला की ती आणखी खाली दबायची.

तेव्हा त्याला कळलं, हवा अजून आत होती.

डाव्या हाताने त्याने पाना उचलला. रक्त मातीत जिरत होतं, ऑइल तोंडावर उडत होतं आणि तो ओरडत होता, "दाब... धर... सोड रे पांडुरंगा, सोड!"

शेवटचा बुडबुडा गेला. स्वच्छ धार आली. त्याने निप्पल आवळलं...

आणि गाडी उचलली गेली.

दोन बोटं ड्रमखालीच राहिली.

गौरवी आता बसने जाते. गाडी काजूखाली उभी आहे. विकायची तर कोणाला? आमोण्याला जा, पांडुरंगाच्या बायकोला खरं काय ते सांग, असं मी बाबलीला कितीदा म्हटलं. "जातंय," म्हणतो. अजून गेलेला नाही.

गेल्या रविवारी मीच त्या सीटवर बसलो. बघूया म्हटलं. बाबली समोर, बॉनेटला टेकून उभा. पेडल दाबलं. दगडासारखं घट्ट. असा ब्रेक नव्या गाडीला नसतो.

पाय उचलणार, तेवढ्यात मागच्या डाव्या चाकाखालून कोणीतरी म्हणालं...

"धर."

मी उडी मारून बाहेर आलो. बाबली पांढराफटक पडला होता. त्यानेही ऐकलं होतं.

"'सोड' म्हटल्यान काय रे त्येना?" त्याने विचारलं.

नाही.

ते ऐकायला मी थांबलोच नव्हतो. पाय आधीच उचलला होता. हवा परत आत.