शंभरात वीस

माझी अक्कलदाढ दुखत होती म्हणून मी प्रेमात पडले. हसू नका, खरंच सांगते.

दातांचे डॉक्टर आणि लॉच्या प्रवेशांचं खासगी मार्गदर्शन केंद्र एकाच मजल्यावर, दारासमोर दार. बाहेरचं बाकडंही दोघांत एकच. माझा गाल टम्म सुजलेला, डोकं ठणकतंय... कुणीतरी आतून म्हणालं, "पुढचे या." मी गेले आणि खुर्चीत बसले. समोरच्या तरुणाने मान वर न करताच विचारलं, "किती आहेत?"

"बत्तीस," मी कशीबशी म्हणाले.

"बत्तीस? मग लॉ विसरा तुम्ही."

मी गाल धरून हसले, कळवळले, परत हसले. "बत्तीस दात आहेत हो! लॉच्या प्रवेश परीक्षेत एकशे अठरा आहेत."

आता त्याने वर बघितलं. डोळे असे, की दाढ क्षणभर दुखायची थांबली. मग तोच मला समोरच्या दारात सोडून आला, आणि मी दाढ काढून बाहेर आले तर बाकड्यावर बसलेला! "बत्तीस की एकतीस?" म्हणाला. तोंडात कापूस होता, नाहीतर तिथेच सुनावलं असतं.

मुलं येऊन मार्क सांगायची, हा गेल्या वर्षांचे आकडे बघून कुठे जागा मिळेल ते सांगायचा. म्हणून मी त्याचं नाव ठेवलं अंदाजपंचे. तो मला वकीलसाहेब म्हणायचा. 'अहो'वरून 'अरे'वर यायला आम्हाला फार वेळ लागला नाही.

"माझं काय होईल रे, अंदाजपंचे?"

"कशाचं? प्रवेशाचं की—"

"की?"

"की... दाढेचं," तो म्हणाला, आणि कान लालबुंद.

वकील व्हायचं माझं खूळ नव्हतं. ताईच्या घटस्फोटात तिचा वकील तारखेला यायचाच नाही, आला तर तिला बोलू द्यायचा नाही. ताई कोर्टातून आली की चप्पल न काढता तशीच बसून राहायची. तेव्हाच मी ठरवलं होतं. आणि शिकायचं तर दूरच्या शहरातल्या त्या मोठ्या कॉलेजात, जिथे मुलांना पहिल्या वर्षापासून खऱ्या खटल्यांवर कामाला जुंपतात.

प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत मला आमच्याच गावातलं संध्याकाळचं कॉलेज मिळालं. ते घेतलं की मोठ्या कॉलेजचा विषय संपला. सोडलं तर शेवटच्या फेरीत मोठं मिळेल, किंवा काहीच नाही. घरी आई म्हणाली, "जवळ आहे ना, घेऊन टाक बाई." ताई नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी त्याला जिन्यात गाठलं. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि तो माझ्या ओल्या ओढणीचं टोक उगीचच पिळत होता.

"खरं सांग. माझी आशा किती?"

त्याने ओढणीचं टोक सोडलं. मग म्हणाला, "शंभरात वीस."

"एवढीच?"

"मी तुझ्या जागी असतो तर हातातलं सोडलं नसतं."

"आणि समजा मी गेलेच... तर?"

माझा जीव नुसता कानात गोळा झाला होता. एक शब्द बोल ना रे गाढवा! पण तो म्हणाला, "आपण मार्कांचं बोलू." मी दुसऱ्या दिवशी गावातली जागा घेतली.

शेवटच्या फेरीची यादी लागली. मोठ्या कॉलेजातली शेवटची जागा एकशे सोळाला गेली होती. माझे एकशे अठरा. मी नळ सोडून न्हाणीघरात रडले, आणि रडता रडता मनात काय यावं? की बिचाऱ्याचा अंदाज चुकला, त्याला किती खात असेल! तोंड धुतलं आणि त्याची समजूत काढायला निघाले. मी! त्याची समजूत!

केंद्रात फक्त मालकीणबाई होत्या. मी म्हटलं, "त्यांना बोलू नका हं, चूक कुणाचीही होते."

"चूक कसली?" त्या हसल्या. "आमच्याकडे प्रत्येकाला खऱ्या आशेच्या निम्म्याहून कमीच सांगतात. जास्त सांगितलं आणि हुकलं की आईबाप भांडायला येतात. कमी सांगून मिळालं की पाया पडतात. पहिल्याच दिवशी शिकवते मी पोरांना."

मागे तो चहाचे दोन कप घेऊन उभा होता. त्याचा चेहराच सगळं सांगत होता.

मी त्याला जिन्यात ओढलं. "खरी आशा किती होती?"

"साठ... सत्तरही असेल."

"आणि वीस म्हणालास!"

"खोटं नाही बोललो गं. सगळ्यांना सांगतो तेच—"

"मी सगळ्यांतली होते?"

"नव्हतीस. म्हणून तर. तू गेली असतीस तर परत कशाला आली असतीस इथे? मला तू हवी आहेस. आवडतेस तू मला... फार."

हेच ऐकायला मी किती दिवस तरसले होते! आणि आता हे शब्द कानात शिरले तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. कानाखाली वाजवावीशी वाटली. वाजवली नाही. त्याहून वाईट केलं, खरं बोलले.

"त्या दिवशी नुसतं 'जाऊ नकोस' म्हणायचं होतंस. सत्तर असते तरी मी राहिले असते."

तो भिंतीला टेकून रडायला लागला. त्याला रडताना बघून बरं वाटेल असं वाटलं होतं. मुळीच नाही वाटलं.

आता संध्याकाळी कॉलेजला जाते. सर अर्धा तास उशिरा येतात आणि पुस्तकातलं वाचून दाखवतात. ताई विचारते, "कसं चाललंय?" मी म्हणते, "मस्त." सुटताना तो रस्त्यापलीकडे उभा असतो, रोज. मी मागच्या दाराने बाहेर पडते, कारण समोरून गेले तर मी त्याच्याशी बोलेन, हे मला पक्कं ठाऊक आहे.