सतरा नंबरचा दिवा

बसा. जनरेटरवाल्याला फोन करून उपयोग नाही. तो उचलणार नाही, आणि उचललाच तर 'येतोय' म्हणेल, ते त्याहून वाईट. गच्चीवर वारा आहे, चटई आहे, अंधाराने कुणी मेलेलं नाही. तनुजा, तो टॉर्च माझ्या डोळ्यांत मारू नकोस. आणि तेजस, मघाशी काय सांगत होतास तू? ऑफिसात जुनी सिस्टीम काढून नवी बसवताय, आणि जुन्या प्रोग्रॅममधल्या ज्या ओळींचा अर्थ कुणालाच लागत नाही त्या सरळ उडवताय. हसत सांगितलंस. उडवा बापडे. मीही एकदा एकाला म्हणालो होतो, 'उडव.'

वैजनाथ त्याचं नाव. चांगल्या ओळखीचा होता. माझ्याकडे जुनी ड्रॉइंग न्यायला आला, इथूनच सगळं सुरू झालं.

वारज्याच्या पुढे, नदीच्या अंगाला एक फौंड्री आहे. नाव विचारू नका, सांगणार नाही. तिथे मी एकोणतीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स पाहिला. फौंड्रीत लोखंड वितळवून साच्यात ओततात, साचे असतात वाळूचे, आणि ती वाळू मळायला एक मिक्सर असतो. आपल्या लिफ्टएवढं स्टीलचं पिंप समजा. आत दोन फिरते नांगर, वर झाकण. वाळू नांगरांना चिकटते. ती खरवडायला माणूस आत उतरतो.

शहाण्णव साली भैरू उतरला होता. शिवण्याकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. जमीन गेली तेव्हा बापाने खटपट करून नोकरीला चिकटवलेला. तिसरी पाळी होती. तो आत आहे हे न बघता कुणीतरी मिक्सर चालू केला. रात्रीचे दोन चाळीस झाले होते. पुढचं सांगत नाही, तुम्हाला अजून जेवायचंय.

त्यानंतर मशिनचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या इंद्रजीत साहेबांनी झाकणाच्या आतल्या बाजूला एक बटण बसवलं. आत अडकलेल्याने ते दाबायचं. दाबलं की पॅनेलवर सतरा नंबरचा दिवा लागणार, मिक्सर थांबणार, चाळीस सेकंद भोंगा वाजणार. तेवढ्यात माणसाने झाकण ढकलून बाहेर यायचं. सोय उत्तम होती. दोन वर्षांत बटण वाळूने जाम झालं. मग मी ते काढलं, वायर तोडली आणि भोकावर पट्टी वेल्ड केली. माझ्या हातांनी. प्रोग्रॅममधल्या ओळी तशाच राहिल्या. चालत्या मशिनच्या प्रोग्रॅमला कोण हात लावतो?

आणि तरी रोज रात्री दोन चाळीसला सतराचा दिवा लागायचा.

बटण नाही, वायर नाही. दिवा लागायचा, मिक्सर थांबायचा, चाळीस सेकंद भोंगा. मग दिवा विझायचा आणि मशिन पुन्हा चालू. मी कार्ड बदललं, अर्थिंग तपासलं. मी कधी देवाला नारळसुद्धा न फोडलेला माणूस. शेवटी लॉगबुकात लिहिलं, 'दमटपणामुळे.' दमटपणा रोज घड्याळ लावून कसा येतो, हे मला कुणी विचारलं नाही.

कामगारांना विचारायची गरजच नव्हती. भोंगा झाला की सगळे मशिनवरून हात काढून उभे राहायचे. "भैरूअण्णा बाहेर आला," असं कुणीतरी म्हणायचं आणि चहा सुरू व्हायचा. चहा द्यायची यमुनाबाई. भैरूची बायको. तो गेल्यावर कंपनीने तिला कँटीनमध्ये घेतलं होतं. पहिला ग्लास ती मिक्सरच्या कठड्यावर ठेवायची, मग बाकीच्यांना. लग्नाला दोन वर्षं होताहेत तोवर नवरा गेला. संसार म्हणून तिच्या वाट्याला रोजचे ते चाळीस सेकंद आले, आणि तेवढ्यावर तिने पंचवीस वर्षं काढली. खोटं नाही सांगत, मला त्या बाईचा हेवा वाटायचा.

मी रिटायर झालो. दोन हजार तेवीसच्या दिवाळीत कंपनीने जुना कंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारा डबा, काढायचं ठरवलं, कारण त्याचे पार्टच मिळेनात. काम वैजनाथकडे आलं. यवतमाळकडचा मुलगा, वारज्यात दोन खोल्यांत राहायचा. जुने प्रोग्रॅम नव्या कंट्रोलरवर आणून देणं हाच त्याचा धंदा. त्याला मी ड्रॉइंग दिली, चहा पाजला. सतराबद्दल काही बोललो नाही. शिकलेल्या माणसाने शिकलेल्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

बुधवार, पंधरा नोव्हेंबर. भाऊबीज. फौंड्री सुट्टीसाठी बंद होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पहिली पाळी. वैजनाथची बहीण नारायण पेठेत दिलेली. ताट तयार ठेवून बसली होती. "सकाळी येतो, तेव्हा ओवाळ," असं फोनवर सांगून तो संध्याकाळी सातला स्कूटरवरून फौंड्रीत गेला. गेटवर वॉचमन आणि आत हा एकटा. यमुनाबाई मात्र आली होती. कँटीन बंद, पण तिने स्टोव्ह पेटवला.

चहा देता देता तिने विचारलं, "साहेब, मशिनीचा मेंदू बदलताय म्हनं. रातचा भोंगा ऱ्हाईल न्हवं?"

"राहील की मावशी. जुन्यात होतं ते जसंच्या तसं नव्यात येतं."

"आमचं मालक हायती त्यात."

तो हसला नाही. कामगारांनी त्याच्या कानावर सगळं घातलं होतं. "तेही येतील," म्हणाला. "शब्द देतो."

"आनि एकदा म्हना."

तो परत म्हणाला.

नऊला त्याने जुना कंट्रोलर बंद केला. त्यातली बॅटरी कधीच संपलेली होती, त्यामुळे वीज तोडली तसा आतला प्रोग्रॅम पुसला गेला. प्रत लॅपटॉपवर होती, म्हणजे नुसत्या ओळी आणि नंबर. कुठली ओळ कशासाठी, याची एक टीप नाही. नवा कंट्रोलर बसला, वायरी जोडून झाल्या. आणि नव्या नियमाप्रमाणे झाकणाला नवं कुलूप आलं. मिक्सर चालू व्हायच्या आधी ते आपोआप लागायचं, आणि सगळं ठीक आहे असं प्रोग्रॅमला पटेपर्यंत सुटायचं नाही. आत कुणी सापडू नये म्हणून हो, सुरक्षा! हाताने उघडायची किल्ली सेफ्टी ऑफिसरच्या खिशात, आणि सेफ्टी ऑफिसर भाऊबीजेला बारामतीत.

रात्री अडीचला पहिली चाचणी. वैजनाथने टॉर्च मारून आत पाहिलं. पिंप रिकामं, कोरडं. झाकण लावलं. कुलूप लागल्याचा आवाज आला. मिक्सर झकास फिरू लागला. यमुनाबाईने कठड्यावर ग्लास ठेवला आणि बाजूला उभी राहिली.

दोन चाळीस.

सतराचा दिवा लागला. मिक्सर थांबला. भोंगा सुरू झाला.

"आलं," यमुनाबाई म्हणाली. वैजनाथ मला नंतर म्हणाला, 'काका, त्या वेळी मला बरंच वाटलं. दिलेला शब्द पाळला गेला.'

चाळीस सेकंद झाले. दिवा विझला नाही. भोंगा क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला.

पाच मिनिटं... दहा.

त्याने प्रोग्रॅम तपासला. बरोबर होता. कार्ड बदललं. दिवा तसाच. सतराच्या खालची जागा पाहिली. तिथे वायर नव्हतीच.

दर चाळीस सेकंदांनी भोंगा एक श्वासभर थांबत होता. त्या श्वासात त्याला ऐकू आलं.

ठक.

भोंगा. चाळीस सेकंद. शांतता...

ठक. ठक.

झाकणातून.

"साहेब," यमुनाबाई म्हणाली, "झाकन उगडा."

"आत कुणी नाही मावशी. मी स्वतः बघितलं."

"रोज ढकलून येत्यात ते. आज कुलूप हाय. उगडा की वो!"

किल्ली नव्हती. बारामतीचा फोन बंद. दिवा विझल्याशिवाय कुलूप सुटणार नव्हतं, आणि कुलूप सुटल्याशिवाय दिवा विझणार नव्हता. कोपऱ्यात ग्राइंडर पडला होता. कुलूप कापायला दोन मिनिटं पुरली असती. पण नवं कुलूप कापलं, की सकाळी पाळी सुरू होणार नाही. त्याने ग्राइंडर हातात घेतला, खाली ठेवला, आणि तीन वाजून दहा मिनिटांनी मला फोन लावला.

हो. मला.

फोनमधून भोंगा ऐकू येत होता. पोरगं घाबरलं की वऱ्हाडीवर यायचं. "काका, हा सतरा नंबर काहून जळून राह्यला? वायर नाही, काही नाही. मावशी रडून राह्यली. कुलूप कापू का मी?"

मला ठाऊक होतं. अंथरुणावर उठून बसलो, तेव्हा सगळं लख्ख ठाऊक होतं मला. 'काप' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. पण उद्या सगळीकडे होईल, काकांनी भुतासाठी नवं कुलूप कापायला लावलं. मग कुणीतरी विचारेल, त्या बटणावर पट्टी कुणी मारली? लाज वाटली मला. लाजेपायी माणूस काय करील सांगता येत नाही.

मी म्हणालो, "कशाचाही नाही तो. मेलेली ओळ आहे. उडव."

आणि झोपलो. झोप लागली हो मला.

त्याने ओळ उडवली.

भोंगा थांबला. सुरू व्हायचा हुकूम मशिनला आधीच दिलेला होता. भोंगा थांबताच मिक्सर फिरू लागला.

"नगा..." यमुनाबाई म्हणाली.

रिकामा मिक्सर वीस अँपिअर घेतो. वैजनाथची नजर काट्यावर होती. वीस. चाळीस. नव्वद. नांगर अडखळले... काटा तिथेच थरथरत राहिला. सात सेकंद.

मग परत वीस.

सतराचा दिवा विझला.

त्याने मशिन बंद केलं. प्रोग्रॅमला सगळं ठीक आहे असं पटलं आणि कुलूप आपोआप उघडलं. त्याने झाकण वर केलं. आत काही नव्हतं. पिंप कोरडं, स्वच्छ.

यमुनाबाईने कठड्यावरचा ग्लास उचलला. चहावर साय धरली होती. "शबूद दिलता तुम्ही," एवढंच म्हणाली आणि गेली. सकाळी सहाला पाळी वेळेवर सुरू झाली. कंपनीने वैजनाथला कौतुकाचं पत्र दिलं.

दोन दिवसांनी त्याने ती ओळ होती तशी परत लिहिली. दिवा लागला नाही. जुना कंट्रोलर जोडून त्यात प्रत भरली, झाकणाला दोरी बांधून दोन चाळीसला उघडं धरलं, रात्रभर बसला. दिवा लागला नाही. शेवटी हात जोडून यमुनाबाईकडे गेला. तिने दार उघडलं, पाणी दिलं, आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेली. आता तो यवतमाळला बापाचं दुकान बघतो. बहिणीकडे भाऊबीजेला येत नाही. मी फोन करतो, तो कट करतो. बरोबरच आहे त्याचं.

यमुनाबाई अजून चहा करते. भोंगा नाही म्हणून घड्याळाकडे बघून. पहिला ग्लास कठड्यावर ठेवते, आणि सकाळी भरलेलाच उचलते.

मला वाटायचं, एकदा मेलेल्या माणसाला आपण दुसऱ्यांदा मारलं. निदान संपलं तरी. तेजस, संपलं असतं तर मी तुम्हाला सांगत बसलो नसतो.

गेल्या दिवाळीत साफसफाईसाठी झाकण उतरवलं. त्याची आतली बाजू दाखवायला तिथल्या नव्या इलेक्ट्रिशियनने मला बोलावून घेतलं. मी कुलूप काढून टाका म्हटलं. पाया पडलो साहेबांच्या. नियमात बसत नाही म्हणाले. मग झाकणाची आतली बाजू त्यांनी माझ्यासमोर घासली, गुळगुळीत केली, वर पिवळा रंग दिला, झाकण बसवून कुलूप लावलं. मशिन बंद. रात्रभर मी तिथेच खुर्ची टाकून बसलो होतो. काही हललं नाही. आवाज नाही. दोन चाळीस झाले, तीन झाले...

सकाळी झाकण उघडलं. कुलपाच्या बाजूला, आतून, रंग खरवडून स्टील उघडं पडलं होतं. चार ओरखडे शेजारी शेजारी. आणि जरा खाली, अंगठ्याचा पाचवा.