निळ्याखालचा पिवळा

इंटरनेटवर वाचलेलं आनंदला वेदवाक्य. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं आणि पोरं पाळण्याचा कठडा चावतात, हे त्याने हिंजवडीच्या ऑफिसात वाचलं आणि रविवारी सकाळीच पाळणा गॅलरीत काढला. बायकोला, श्रद्धाला, आठवा महिना, त्यामुळे दुकानातलं वासाचं औषध नको. मैद्याची खळ, तीत धुण्याचा सोडा, वर ओलं गोणपाट आणि खरवडायला घरातलं जुनं उलथनं. शेजारचे बिबवेवाडीकर काका कौतुकाने डोकावून गेले.

"खरवडू नकोस रे," त्याच्या आई, द्वारकाबाई, म्हणाल्या. पाळणा त्यांच्या सासरचा, कसबा पेठेतला. "आपल्याकडे प्रत्येक बाळाच्या वेळी वरून रंगाचा एक हात देतात. आधीचा काढत नाहीत."

"का पण?"

"का म्हणून विचारायला तेव्हा तुमच्याइतकी हुशार माणसं नव्हती."

आनंद हसला. आत खुर्चीवर बसलेली श्रद्धाही हसली आणि बाळानेही पोटात एक ढुशी दिली.

दुपारी आनंदच्या वेळचा निळा रंग सालीसारखा निघाला. खाली पिवळा होता, त्याच्या वडिलांच्या वेळचा. सोड्याच्या उग्र दर्पातून ओव्याच्या धुरीचा वास यायला लागला. बाळंतिणीच्या खोलीत असतो, तसा. श्रद्धाने घरभर पाहिलं. शेगडी कुठेच पेटलेली नव्हती.

पिवळा निघाला तेव्हा बाळाने नुसती कूस बदलली. झोपलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. त्याखालचा हिरवा कोणाच्या वेळचा, हे द्वारकाबाईंनाही माहीत नव्हतं.

"आता आलं बघ लाकूड!" गॅलरीतून आनंद ओरडला.

बाळ हलावं म्हणून श्रद्धाने गुळाचा खडा खाल्ला. डाव्या कुशीवर पडून राहिली. पोट दगडासारखं गप्प होतं. तिला आता सरळसरळ भीती वाटली.

"अहो आई, बाळ हालत नाहीये."

उलथनं टाकून आनंद रिक्षा आणायला धावला. द्वारकाबाईंनी श्रद्धाला उठवून चपला दिल्या, तिच्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग काय वाटलं कोण जाणे, त्या गॅलरीत गेल्या आणि उघड्या लाकडाला हात लावला.

तो त्यांनी काढला नाही.

"आई, चला ना."

जवळ आलेल्या श्रद्धाचा हात धरून त्यांनी फळीवर टेकवला.

फळी अंगासारखी कोमट होती.

तळव्याखाली, आतून, हलकीशी ढुशी बसली.