तीस जोड पिवळे मोजे

"भिंगरी, खाली बस बघू! डोकं गरगरायला लागलं माझं!"

"बसल्यावर माझा विचार थांबतो, मावशी!"

चार पावलं इकडे. चार पावलं तिकडे. त्यापुढे भिंत. मावशीची लाँड्री म्हणजे सोसायटीच्या तळमजल्यावरची एवढीशी खोली. सुट्टीत भिंगरी आणि तिचा धाकटा भाऊ ढोल मावशीकडे आले होते. शेजारच्या घरातली मुलगी, शंका, दिवसभर त्यांच्याबरोबरच असायची. आणि तिघांच्या डोक्यावर, तारेवर, साठ मोजे.

कवायत पथकाचे. पांढरे असायला हवे होते. पण सगळ्यांवर पिवळट-तांबूस डाग!

सोसायटीचे व्यवस्थापक नुकतेच तणतणत गेले होते. कमरेला चाव्यांचा भला मोठा जुडगा, म्हणून सगळे त्यांना चाव्यासाहेब म्हणत.

"परवा संचलन आहे! उद्या चारपर्यंत मोजे पांढरे झाले नाहीत, तर ही खोली रिकामी करा. मी दुसरा माणूस बघतो!"

बारा वर्षं मावशी इथेच कपडे धूत होती. तिने पुन्हा बादली ओढली. ब्लीचची बाटली उचलली.

"आणखी थोडं घालते."

दहा मिनिटांनी मोजे बाहेर आले. डाग दुप्पट गडद!

"हे म्हणजे भलतंच!" भिंगरी जागच्या जागी उडाली. "डाग घालवायचं औषध डाग वाढवतंय?"

"बाटली बिघडली असेल," ढोल म्हणाला.

"कशावरून? पाणी नसेल कशावरून बिघडलेलं?" शंकाने विचारलं.

"पाणी तर काचेसारखं आहे गं!"

"तुझं डोकंही बाहेरून चांगलंच दिसतं!"

"भांडू नका! मोजे काढा पायातले!" भिंगरी ओरडली.

मोजा पहिला

भिंगरीचा. लाँड्रीच्या नळाचं पाणी, नुसता साबण. वाळला. पांढरा.

मोजा दुसरा

तोही भिंगरीचा. तेच पाणी, तोच साबण, वर ब्लीच. बघता बघता पिवळा!

मोजा तिसरा

शंकाचा. समोरच्या दवाखान्यातून आणलेलं पाणी, साबण आणि त्याच बाटलीतलं ब्लीच. पांढराशुभ्र!

मोजा चौथा

ढोलचा. त्याच्या वासानेच प्रयोग रद्द झाला.

"म्हणजे बाटली चांगली आहे!" भिंगरी आता अंगणात धावत होती, बाकीचे दोघे तिच्या मागे. "दवाखान्यात नळाचं पाणी येतं. आपल्याकडेही तेच येतं ना? मग फरक कसा?"

"आपल्याकडे तेच येतं, असं कोण म्हणालं?" शंकाने विचारलं.

भिंगरी थांबली. दिवसभरात पहिल्यांदाच.

इमारतीच्या मागे पंपाची खोली होती. दाराला कुलूप. बाहेर नळाच्या लाइनचा व्हॉल्व्ह. तो घट्ट बंद, आणि त्याच्या चाकावर कोळ्याचं जाळं! तरी आत मोटर घुरघुरत होती. ढोलच्या खांद्यावर चढून भिंगरीने जाळीतून डोकावलं.

"लवकर बघ! तू आहेस का पोतं?"

"हलू नकोस रे! जमिनीतून एक पाइप वर आलाय. सरळ टाकीकडे जातोय!"

तिघांनी धावत लाँड्रीत येऊन हे सांगितलं, तसा मावशीने कपाळावर हात मारला.

"बोअरचं पाणी! त्यात लोह असतं रे. दिसत नाही, पण ब्लीच पडलं की त्याचा गंज होतो आणि कापडावर बसतो. आणि मी वेडी ब्लीचवर ब्लीच ओततेय!"

"मग आता?"

"गंजाला लिंबू आणि मीठ."

ढोलने लिंबू पिळायला बादलीवर हात नेला, तोच मावशी किंचाळली, "थांब! त्यात ब्लीच आहे! लिंबाशी मिसळलं तर विषारी वायू होईल. आधी मोजे खळखळून धुवायचे, ब्लीचचा वास पार जाईपर्यंत!"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दवाखान्यातून पाण्याच्या बावीस बादल्या आणल्या. हात गळून गेले. मग डागांवर मीठ, वर लिंबाचा रस, मग ऊन. भिंगरी दर पाच मिनिटांनी मोजे उचलून बघायची आणि दर पाच मिनिटांनी ओरडा खायची. दुपारी पुन्हा एकदा धुणं, पुन्हा ऊन. पावणेचारला तारेवर साठ पांढरे मोजे!

बरोबर चारला चाव्यासाहेब आले, बरोबर कवायतीच्या बाई.

"जमलं की! म्हणजे आधी हलगर्जीपणाच होता," चाव्यासाहेब म्हणाले. "मला ही रोजची कटकट नको. खोली रिकामी कराच."

मावशीचा चेहरा उतरला. भिंगरीने मात्र दोन पेले पुढे धरले.

"साहेब, आपल्या टाकीत कुठलं पाणी येतं?"

"नळाचं! नेहमीचंच! हे बघ, किती स्वच्छ!"

"हा पेला आपल्या नळाचा, हा दवाखान्यातला. दोन्हींत एकेक चमचा ब्लीच घालाल? तुमच्याच हाताने!"

"हा काय पोरखेळ?"

"घाला की," बाई म्हणाल्या.

त्यांनी घातलं. दवाखान्याचा पेला तसाच राहिला. दुसरा आधी पिवळसर, मग गढूळ, मग पार तांबूस! बाई वाकून बघू लागल्या. चाव्यासाहेब छताकडे बघू लागले.

"नळाच्या व्हॉल्व्हवर कोळ्याने घर बांधलंय, साहेब," शंका म्हणाली. "किती दिवस झाले असतील?"

"तो... नळाचं पाणी चढवणारा पंप गेल्या सोमवारी बिघडला, म्हणून बोअर सुरू केली. दुरुस्तीवाल्याला फोन करायचा राहून गेला. म्हटलं, पाणी काय, पाणीच!"

"आणि खापर हिच्या डोक्यावर?" बाईंचा आवाज मैदानावरचा होता. "आत्ता फोन करा. माझ्यासमोर! खोली कुणीही रिकामी करणार नाही. पथकाचे मोजे इथेच धुतले जातील."

चाव्यासाहेबांनी फोन काढला. मग मावशीकडे न बघता पुटपुटले, "चुकलं माझं."

"मोठ्याने!" ढोल म्हणाला.

"चुकलं माझं, ताई!"

बाईंनी तिघांच्या पाठीवर एकेक दणका दिला. "शाबास! मोठ्यांच्या नजरेतून सुटलं, ते तुम्ही पकडलंत!"

मावशीने दारावरच्या लाँड्रीच्या पाटीवरची धूळ पदराने पुसली. मग आत वळून, नाक ओढत म्हणाली, "उभे काय राहिलात? मोज्यांच्या जोड्या लावा. भिंगरी, तू नको. तू फेऱ्या मार हवं तेवढ्या."